एका अंगाईचे दोन श्रोते: धाराशिवच्या बाळगाण्यांचा इतिहास कसा वाचायचा?

गेल्या महिन्यात दोघातिघांनी एकच प्रश्न विचारला. 'लोकगीतांवर काम करायचं आहे, जिल्हाही ठरलाय, पण विषय छोटा कसा करू?' मी त्यांना उलट विचारलं, लोकगीत कुणासाठी गायलेलं? देवीसाठी, नवरीसाठी, शेतासाठी, की पाळण्यातल्या बाळासाठी? बहुतेकांचं उत्तर गोंधळ, आराधी, पोवाडा यांपैकी एक होतं. बाळासाठी गायलेलं गाणं 'विषय' होऊ शकतं, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

म्हणून आजची पोस्ट त्यावरच. मी विज्ञान शाखेतून आलेय, त्यामुळे इतिहासाकडे बघताना माझी एक सवय सुटत नाही: हा पुरावा नेमका कशाचं मोजमाप करतो? बाळगाण्यांच्या बाबतीत हा प्रश्न विचारला की सगळा विषयच उलगडायला लागतो. नमुना म्हणून धाराशिव जिल्हा घेऊ. तुमचा जिल्हा दुसरा असेल तरी पद्धत तीच राहील.

आधी नावाचा घोळ मिटवा

२०२३ मध्ये जिल्ह्याचं अधिकृत नाव धाराशिव झालं. त्याआधी उस्मानाबाद होतं, निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून. त्याहीआधी हैदराबाद संस्थानाच्या कागदांत हा भाग नळदुर्ग जिल्हा म्हणून येतो. शिवाय १९८२ पर्यंत लातूर वेगळा जिल्हा नव्हता, तो याच जिल्ह्यात होता. म्हणजे १९६० किंवा १९७० च्या दशकातल्या एखाद्या संग्रहात 'उस्मानाबाद जिल्हा' असं लिहिलेली ओवी आजच्या निलंग्याची किंवा औशाची असू शकते.

हे सामान्यज्ञान म्हणून सांगत नाहीये. ग्रंथालयात किंवा डिजिटल संग्रहात शोधताना तुम्ही फक्त 'धाराशिव' टाकलंत तर समोर जवळजवळ काहीच येणार नाही, आणि तुम्ही सिनॉप्सिसमध्ये बिनधास्त लिहून टाकाल की 'या विषयावर पूर्वी संशोधन झालेलं नाही'. व्हायवात पहिला प्रश्न तिथूनच येतो.

सगळ्यात जुना पुरावा काय सांगतो, आणि काय सांगत नाही

बाराव्या शतकात जाऊ. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९-३१ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, कर्नाटकात, पण उमरग्याच्या शेजारचंच म्हणा. या ग्रंथात संगीताच्या भागात उल्लेख येतो की महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओवी गातात. पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकर' ग्रंथातही ओवीची नोंद आहे. ज्ञानेश्वरी त्यानंतरची, १२९० ची. म्हणजे ओवी ग्रंथात यायच्या आधीपासून बायकांच्या तोंडी होती. ज्ञानेश्वरांनी ती तिथून उचलली, असं म्हणायला चांगला आधार आहे.

आता नीट बघा. मानसोल्लासात कांडण आहे, म्हणजे उखळ-मुसळ. दळण नाही. आणि बाळ तर नाहीच नाही. आपण मात्र या एका उल्लेखावरून सर्रास लिहितो की 'बाराव्या शतकापासून आया जात्यावर ओव्या गात बाळांना निजवत'. ही उडी झाली. पुरावा फक्त एवढाच सांगतो की स्त्रिया, अंगमेहनतीचं घरकाम आणि ओवी हे तिघं ८००-९०० वर्षांपूर्वी एकत्र होते. चौथा, म्हणजे मूल, तिथे असण्याची शक्यता दाट आहे, कारण काम करणाऱ्या बाईचं तान्हं दुसरीकडे कुठे असणार? पण तो आपला तर्क आहे. तर्क करायला हरकत नाही, फक्त त्याला तर्क म्हणायचं.

दुसरा पुरावा बघू, तो थेट जिल्ह्यातला आहे. तेर. सातवाहनकाळातलं तगर, रोमन व्यापाराशी जोडलेलं गाव, आणि संत गोरोबाकाकांचं गाव. त्यांची कथा तुम्हाला माहीत आहे. बायको पाणी आणायला जाते, मुलावर लक्ष ठेवायला सांगते. गोरोबा चिखल तुडवताना भजनात तल्लीन होतात आणि रांगत आलेलं मूल त्या चिखलात तुडवलं जातं. पुढे विठ्ठलकृपेने ते परत मिळतं.

या कथेतलं प्रत्यक्षात काय घडलं, हा प्रश्न संशोधकाच्या उपयोगाचा नाही. उपयोगाचा प्रश्न हा, की शेकडो वर्षं ऐकणाऱ्यांना या कथेतलं काय अगदी ओळखीचं वाटलं. घरात दोनच मोठी माणसं, दोघांनाही काम. पाणी लांब. मूल कामाच्या जागेवरच वाढतंय. आणि गाणं कामाच्या लयीत चाललंय. चमत्कार बाजूला ठेवला तर कुंभारवाड्यातल्या एका दिवसाची ही नोंद आहे. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या: या कथेत गाणारा बाप मुलासाठी गात नाहीये. गाणं, काम आणि मूल एकाच अंगणात आहेत, पण गाण्याचं तोंड देवाकडे आहे. हा धागा पुढे लागणार आहे.

जात्याच्या दोन भाषा

मराठवाड्यातल्या जात्याबद्दल लिहिताना फक्त मराठी ओवी धरून चालत नाही. नळदुर्गावर विजापूरच्या आदिलशाहीची सत्ता होती. त्या विजापूरच्या सूफींवर इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी काम केलं. १९७४ चा त्यांचा लेख आणि १९७८ चं 'सूफीज ऑफ बिजापूर' हे पुस्तक मिळवून वाचाच. त्यांनी दखनी भाषेतल्या छोट्या रचनांकडे लक्ष वेधलं: चक्कीनामा, चरखानामा, लोरीनामा. जातं फिरवताना, सूत कातताना, बाळाला निजवताना म्हणायच्या या रचना. ईटन यांचं म्हणणं असं की सूफी विचार गावागावांत पसरला तो मोठ्या ग्रंथांमधून कमी आणि घरात काम करणाऱ्या बायकांच्या या गाण्यांमधून जास्त. आणि बाईच्या तोंडचं गाणं म्हणजे मांडीवरच्या मुलाच्या कानावर पडलेलं पहिलं तत्त्वज्ञान.

हा युक्तिवाद मला फार महत्त्वाचा वाटतो. एक तर तो सांगतो की अंगाई ही 'निरागस' गोष्ट नाही, ती विचार वाहून नेते. दुसरं, दखनी बोलणारी आणि मराठी बोलणारी बाई एकाच प्रकारच्या दगडावर, जवळपास त्याच लयीत गात होती. दगड एक, भाषा दोन. धाराशिवमध्ये काम करायचं आणि फक्त मराठी गाणी गोळा करायची, असं ठरवलंत तर निम्मं घर तुम्ही मोजलंच नाही.

गोळा करणारे आले

विसाव्या शतकात ही गाणी कागदावर यायला लागली. साने गुरुजींनी १९४० च्या सुमारास 'स्त्रीजीवन' या नावाने ओव्यांचा मोठा संग्रह काढला. त्यांचा अनुभव कोकण-खानदेशातला. मराठवाड्यात ना. गो. नांदापूरकरांनी बायकांच्या तोंडच्या ओव्या जमवून 'मऱ्हाटी स्त्रीरचित रामकथा' उभी केली. स्वतंत्र महाराष्ट्रात सरोजिनी बाबर यांच्या पुढाकाराने लोकसाहित्य समितीचे संग्रह निघाले. आणि मराठवाड्यातल्या लोकसाहित्याच्या अभ्यासाला प्रभाकर मांडे यांनी शास्त्रीय शिस्त दिली.

नांदापूरकरांच्या कामाचं उदाहरण घेऊ. बायकांनी रचलेल्या रामकथेत युद्धापेक्षा सीतेचा वनवास आणि लव-कुशांचा जन्म जास्त जागा घेतो. रानात बाळंत झालेली एकटी बाई, तिच्या बाळांसाठी पाळणा नाही, नहाणीला पाणी नाही, जवळ माहेरचं माणूस नाही. ही रामायणाची कथा आहे की गाणाऱ्या बाईची? दोन्ही. देवाच्या बाळंतपणाच्या आडून स्वतःच्या बाळंतपणाचं बोलता येतं.

इथे निजामी राजवटीचा संदर्भ लक्षात ठेवा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कारभाराची भाषा उर्दू. १९१८ ला स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. मातृभाषेतलं शिक्षण हाच राजकीय प्रश्न होता, आणि जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारख्या संस्था त्यातूनच उभ्या राहिल्या. स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिक्षक होते. अशा काळात घरातली ओवी आणि पाळणा ही कित्येक मुलांची छंदातल्या मराठीशी पहिली, आणि शाळा न मिळालेल्या मुलींसाठी बहुधा एकमेव, ओळख होती.

मात्र या सगळ्या छापील संग्रहांची एक मर्यादा आहे. त्यांनी शब्द घेतले. चाल बहुतांशी राहून गेली. बाळ मांडीवर होतं का, जातं फिरत होतं का, बाई एकटी होती की समोर जाऊ बसली होती, हेही क्वचितच कळतं.

तिकडे अमेरिकेत त्याच वर्षी

तुलनेसाठी एक बाहेरचं उदाहरण. अमेरिकेच्या डोंगराळ दक्षिण भागातलं लोकसंगीत १९२७ मध्ये ब्रिस्टल गावात झालेल्या रेकॉर्डिंगपासून बाजारात जोरात आलं. १९४५-४६ च्या सुमारास बिल मन्रो आणि बँजोवादक अर्ल स्क्रग्ज यांच्या बँडमधून आज ज्याला ब्लूग्रास म्हणतात ती शैली आकाराला आली. बँजो, फिडल, मँडोलिन, वेगवान आणि मंचावरचं संगीत. रेकॉर्ड कंपन्यांनी ते विकलं, कारण ते वाद्यांचं होतं आणि श्रोत्यांसमोर वाजायचं.

बाळांसाठीची गाणी कंपन्यांना नको होती. ती रूथ क्रॉफर्ड सीगर या संगीतकार बाईने घेतली. लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या ध्वनिमुद्रणांवरून तिने अनेक वर्षं गाण्यांचं स्वरलेखन केलं, मेरीलँडमधल्या एका बालवाडीत ती गाणी मुलांबरोबर गाऊन बघितली, आणि १९४८ मध्ये 'अमेरिकन फोक साँग्ज फॉर चिल्ड्रेन' हे पुस्तक काढलं. स्वरांसकट. इकडे धाराशिव निजामाच्या राज्यातून बाहेर पडलं तेच हे वर्ष. तिची मुलं पेगी आणि माइक सीगर पुढे स्वतः नावाजलेले लोकगायक झाले. माइकने १९५० च्या दशकाच्या शेवटी ब्लूग्रासचा एक महत्त्वाचा संग्रह फोकवेज कंपनीसाठी तयार केला. घरातलं बाळगाणं आणि मंचावरचं संगीत यांना जोडणारी ही साखळी.

आता आपल्याकडे वळा. धाराशिवचं सर्वात प्रसिद्ध संगीत कोणतं? तुळजापूरचं. गोंधळ्याचं संबळ, तुणतुणं, आराध्यांची गाणी. या संगीताचं काम काय, तर जागवणं. रात्रभर जागरण, दिवटी पेटती ठेवणं. बाळगाण्याचं काम बरोबर उलटं, निजवणं. जागवणारं संगीत वाद्यांवर, चारचौघांत, बिदागी घेऊन होतं. ते नोंदलं गेलं, त्यावर पुस्तकं झाली, आकाशवाणीवर वाजलं. निजवणारं संगीत वाद्याशिवाय, अंधाऱ्या खोलीत, एका श्रोत्यासाठी. ते ऐकायला संशोधक पोचलाच नाही. हे दोन्ही देशांत सारखंच झालं. फरक एवढाच, की तिकडे एका बाईने चालीसकट पुस्तक केलं. आपल्या छापील ओव्या वाचता येतात, पण चाल ठाऊक नसेल तर गाता येत नाहीत.

चाल आणि शब्द पुन्हा भेटले

आपल्याकडे ही दरी भरण्याचं सगळ्यात मोठं काम पुण्यातून झालं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. १ लाखाहून जास्त ओव्या, हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त गायिका. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे संशोधक आले आणि ध्वनिमुद्रण, डेटाबेस उभा राहिला. प्वातवाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. २०१७ पासून 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, हा संग्रह आवाजासकट लोकांसमोर आणतंय. मराठवाड्यातल्या, विशेषतः बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमधल्या, बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यात ऐकायला मिळतात.

तुम्हाला नमुना-संच हवा असेल तर सुरुवात इथून करा. गायिकेचं नाव, गाव, विषय यांनुसार वर्गीकरण आहे. 'बाळ', 'लेक', 'पाळणा' हे विषय काढा आणि आधी नुसतं ऐका. वाचायची घाई करू नका.

विज्ञान काय म्हणतं?

आता माझ्या गल्लीत या. गेल्या काही वर्षांत अंगाईवर मोठं प्रायोगिक काम झालंय. २०१८ मध्ये सॅम्युएल मेर आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या छोट्या समाजांतल्या गाण्यांचे १४ सेकंदांचे तुकडे ६० देशांतल्या ७५० लोकांना ऐकवले. अंगाई आणि नाचाचं गाणं लोकांनी भाषा कळत नसतानाही चांगलं ओळखलं. २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या पुढच्या अभ्यासात ८६ समाजांतली ११८ गाणी तपासली. २०२२ मध्ये आणखी एका गटाने २१ समाजांतल्या ४१० लोकांची १,६१५ ध्वनिमुद्रणं घेऊन दाखवलं की बाळाशी बोलताना आणि गाताना माणसाचा आवाज सगळीकडे साधारण सारख्याच पद्धतीने बदलतो. अनोळखी भाषेतल्या अंगाईनेही तान्ह्या मुलांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असाही एक प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणजे काय? बाळाला शब्दांशी देणंघेणं नाही. त्याला संथ लय, उतरत जाणारा सूर, तेच तेच परत येणं आणि ओळखीचा आवाज पुरतो.

मग ओवीत इतके शब्द कशाला? सासरचा जाच, भावाची वाट, पावसाची चिंता, रानातली सीता हे सगळं तान्ह्या बाळाला कोण सांगतं?

उत्तर सोपं आहे. अंगाईला दोन श्रोते असतात. सूर ऐकतं बाळ. शब्द ऐकते समोर बसलेली जाऊ, ओट्यावरची सासू, भिंतीपलीकडची शेजारीण, आणि स्वतः गाणारी. बाळ ही ढाल आहे. 'मी तर लेकराला निजवतेय' असं म्हणत बाई जे बोलायला बंदी आहे ते बोलून घेते. गोरोबांच्या कथेतला धागा इथे जोडा: मूल अंगणात आहे, पण गाण्याचं तोंड दुसरीकडे आहे.

यावरून जुन्या पुराव्यांची वाटणी लगेच कळते. छापील संग्रहांनी दुसऱ्या श्रोत्याचं गाणं जपलं, म्हणजे शब्द. प्रयोगशाळेने पहिल्या श्रोत्याचं गाणं मोजलं, म्हणजे सूर. १४ सेकंदांच्या तुकड्यात सासू मावत नाही, आणि छापील ओवीत बाळाचे ठोके सापडत नाहीत. दोन्ही खरं, दोन्ही अर्धं. तुमच्या संशोधनाला जागा आहे ती या दोन अर्ध्यांच्या मधे.

'गाणी लोपली' असं लिहू नका

सिनॉप्सिसमधलं सगळ्यात लाडकं वाक्य: 'आधुनिकतेच्या रेट्यात ही लोकगीते लोप पावत आहेत.' हे वाक्य तपासा. कोणती गाणी? कधी? कशामुळे? मी बाळगाण्यांचे तीन गट करून बघते आणि तिघांचा इतिहास वेगळा निघतो.

पहिला गट कामाला बांधलेली गाणी, म्हणजे जात्यावरची ओवी. गावात आधी डिझेल इंजिनाची आणि मग विजेची पिठाची चक्की आली आणि पहाटेचं दळण संपलं. बाईच्या खांद्यावरचा केवढा भार उतरला, हे आधी लिहा. हळहळ नंतर. दळण गेलं तशी ओवीची ठरलेली वेळ गेली. जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपल्याकडे म्हणतात ते अक्षरशः खरं आहे: हालचाल गेली की आठवणही अडते. त्यात १९७२ च्या दुष्काळात हजारो बाया खडी फोडायला कामावर गेल्या. पुढे कळंब, भूम, वाशी भागातून कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला जायला लागली. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', दिवाळीनंतर निघायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतायचं. बाळाची झोळी उसाच्या फडाच्या कडेला. जातं घरी राहिलं, बाळ कामावर आलं. तिथे आई मोळी बांधत असते आणि झोळी हलवायला बहुतेक वेळा मोठी बहीण असते, जी स्वतःच शाळेतून सुटलेली असते. ती काय गाते, हा प्रश्न मला अजून कुठल्या प्रबंधात दिसलेला नाही.

दुसरा गट विधीला बांधलेली गाणी, म्हणजे पाळणा. बारशाला, रामनवमीला, गोकुळाष्टमीला म्हटला जाणारा पाळणा दिवस मोजत पुढे जातो आणि बाराव्या दिवशी नाव ठेवून थांबतो. ही रचना मजबूत आहे, कारण तिची वेळ कॅलेंडरने ठरवलेली आहे, पिठाने नाही. म्हणून तो टिकला, आणि वाढलाही. शिवजयंतीला शिवरायांचा पाळणा, १४ एप्रिलला भीमरावांचा पाळणा. ज्या समाजाला देवळाबाहेर ठेवलं गेलं, त्याने देवाच्या पाळण्याचा साचा घेतला आणि आपल्या माणसाला त्यात निजवलं. ही साधी नक्कल नाही. कुणाचा जन्म साजरा करण्याजोगा आहे, यावरचा तो दावा आहे. बदललं ते माध्यम: आधी बायकांचा घोळका, मग कॅसेट, मग मोबाइल आणि स्पीकर. गाणं आहे, पण गाणाऱ्या बाया आता बऱ्याचदा ऐकणाऱ्या झाल्यात.

तिसरा गट खेळाला बांधलेली गाणी. यात दोन थर आहेत. मोठ्यांनी मुलाशी खेळताना म्हटलेली: तेल लावताना, घास भरवताना, बोटं मोजताना. आणि मुलांनी स्वतः चालवलेली: राज्य कुणावर हे ठरवताना, टाळ्यांच्या खेळात, पंचमीच्या झोक्यावर, फुगडी-झिम्म्यात. ही दुसरी गाणी मोठ्यांच्या मदतीशिवाय आठ वर्षांच्या मुलीकडून सहा वर्षांच्या मुलीकडे जातात. इंग्लंडमध्ये आयोना आणि पीटर ओपी यांनी सुमारे ५,००० शाळकरी मुलांकडून हे साहित्य जमवून १९५९ मध्ये पुस्तक केलं आणि दाखवलं की टीव्हीच्या काळातही ते मेलेलं नव्हतं, ते जाहिराती आणि सिनेमा पोटात घेऊन जगत होतं. आपल्या अंगणवाड्या २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून आल्या, आणि त्याआधी ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडीत गाण्याला मानाची जागा दिली. अंगणवाडीतलं कृतिगीत बहुतेक प्रमाण मराठीत असतं. ते म्हणून झाल्यावर हीच मुलं अंगणात जाऊन त्याचं काय करतात, कोणते शब्द बदलतात, कुठे गावची बोली घुसवतात, हे ऐकायला कान लावा.

बघा, एका वाक्यातल्या 'लोप पावत आहेत' चे तीन वेगळे इतिहास झाले. एक गट आटला, एक रूप बदलून पसरला, एक आपल्या कानांना ऐकूच येत नव्हता.

प्रत्यक्ष कामाला लागताना

काही गोष्टी थेट सांगते.

१. बाळाशिवाय अंगाई रेकॉर्ड करू नका. लॉरेल ट्रेनर यांनी १९९६ मध्ये दाखवलं की बाळ समोर असताना आणि नसताना गायलेलं तेच गाणं वेगळं असतं, आणि तो फरक बाळांनाही कळतो. 'आजी, एक ओवी म्हणा ना' असं सभागृहात म्हणून मिळालेली ओवी हा पुरावा आहेच, पण वेगळ्या गोष्टीचा. नोंदीत तसं लिहा.

२. मोबाइलवर रेकॉर्ड करत असाल तर आवाजातली खरखर आपोआप काढणारी सोय बंद करा. जात्याची घरघर, पाळण्याच्या कडीचा आवाज, मधेच रडणारं मूल हा 'कचरा' नाही, तो डेटा आहे. तोच तर लय सांगतो.

३. प्रत्येक गाण्याबरोबर पाच रकाने भरा: कोण गातंय, कुणासाठी, कोणत्या वेळी, हात काय करत होते, आणि आसपास कोण ऐकत होतं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. दुसरा श्रोता तिथे सापडतो.

४. मुलगा आणि मुलगी यांच्यासाठीची गाणी वेगळी मोजा. पाळणा बहुतेक वेळा कुणाचा असतो? राम, कृष्ण, शिवबा, भीमराव. लेकीसाठी काय गायलं जातं, आणि ते पाळण्यात येतं की थेट सासरी पाठवण्याच्या ओवीत? आकडे काढलेत तर ती जिल्ह्याच्या लिंग-इतिहासाची चांगली नोंद होईल.

५. परवानगी शब्दांची वेगळी आणि आवाजाची वेगळी घ्या. सासूवरची ओवी इंटरनेटवर टाकण्याआधी विचारा, सासू जिवंत आहे का. हे हसण्यावारी नेऊ नका. जी ढाल घेऊन बाई बोलली ती ढाल तुम्ही काढून घेताय.

६. १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा-उमरगा भागातली काही गावं नव्या जागी, रुंद रस्त्यांवर, अंतरा-अंतराने बांधलेल्या घरांत वसली. जुन्या गल्लीत भिंतीला भिंत होती. दुसरा श्रोता भिंतीपलीकडे असतो, हे पटत असेल तर घरं लांब गेल्यावर गाण्याचं काय होतं? एका प्रबंधाएवढा प्रश्न आहे हा, कुणीतरी घ्या.

एक गोष्ट घाईची आहे. पहाटे रोज जातं ओढलेल्या, त्या वेळी मांडीवर बाळ असलेल्या बाया आज साधारण सत्तरीच्या पुढच्या आहेत. त्यांच्याकडून शब्द मिळतील, चाल मिळेल, आणि सगळ्यात दुर्मीळ म्हणजे ऐकणारं कोण होतं याची आठवण मिळेल. छापील संग्रह ग्रंथालयात दहा वर्षांनीही सापडेल. ही आठवण सापडणार नाही. म्हणून तुमच्या कामाचा क्रम उलटा लावा: आधी गावात जा, मग ग्रंथालयात. गाइड विचारतील, 'लिटरेचर रिव्ह्यू झाला का?' त्यांना सांगा, तो चालू आहे, सध्या सगळ्यात जुन्या स्रोतापासून सुरुवात केली आहे, आणि ती दुपारी दोन ते चारमध्येच मोकळी असते.